औषध कशासंग घेतलं?

आमच्या घरमालकांना पंगतीला बोलावणं हे वाढप्यांच्या दृष्टीनं संकट होतं. बाकीची पंगत पोळी, भाजी, वरण, भात, कढी एकमेकांत कालवून हात चाटायला लागलेली असायची आणि हा गृहस्थ अजून नुसत्या पोळीवरच असायचा. पोळी संपली की भाजी. भाजी संपली की घोटभर पाणी, मिशा पुसणं, जरा दम खाणं, आणि मग वरण. भात कोरडा. गोड पदार्थ सगळ्यांत शेवटी, तोही एकटा. पंगत मोडून कुणी उठायचं नाही अशी रीत, त्यामुळे वाळलेल्या हातांनी सगळे त्यांच्या पानाकडे बघत बसायचे. एकदा एक वाढपी कावून म्हणाला, "काका, वरनात भात घ्या ना बापा! जाते तं एकाच पोटात दोन्ही."

"दोन सुना एकाच घरात येतात," ते शांतपणे म्हणाले, "म्हनून काय एकाच घडीले माप ओलांडतात का?"

ते खामगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात कंपौंडर होते आणि मी तिथल्याच एका शाळेत मास्तर. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी बायकोसह राहत होतो. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत कापसाची पिसं तरंगायची, ती वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटायची, आणि मी चिडायचो. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा. नागपूरहून शाळेला परिपत्रक आलं की त्यावरही मी चिडायचो. चिडणं हा माझा त्या काळातला मुख्य उद्योग होता आणि आमचे घरमालक तर चिडण्याजोगे होतेच.

साठीला टेकलेला, वाळका माणूस. डोक्याला मळकट टोपी, अंगात औषधांचे डाग पडलेला लांब कोट. बोलायचे हळू. आयुष्यात कुणावर आवाज चढवला नसेल. पण एक प्रश्न मात्र ते गावात कुणालाही, कुठंही विचारायचे. रस्त्यात माणूस भेटला, औषध चालू आहे म्हणाला, की हे थांबलेच.

"कशासंग घेतलं?"

"काय कशासंग?"

"औशद बे. कशासंग घेतलं? पान्यासंग, ताकासंग, का चहासंग? वरून काय खाल्लं?"

लोक हसायचे. टवाळ पोरं त्यांना बघून एकमेकांना "कशासंग?" म्हणून ओरडायची. मलाही तेव्हा तो म्हातारपणचा चाळाच वाटे. माझ्यातल्या शहाणपणाला त्या वेळी काही सीमा नव्हती.

त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर दहाबारा बाटल्या ओळीनं उभ्या असत. दवाखान्यातून आणलेलं थेंबभर औषध एका बाटलीत घालायचं, त्यात कधी चहा, कधी ताक, कधी चिंचेचं पाणी, आणि दिवसभर येताजाता पाहत राहायचं. काही बाटल्यांत तळाशी गाळ बसायचा, काहींचा रंग पालटायचा. काहींत काहीच व्हायचं नाही. त्यांवर त्यांचा विशेष लोभ होता. "ही जोडी सुखाची हाये," असं म्हणून ती बाटली ते पुसून ठेवत.

फाल्गुनात तर कहर व्हायचा. पळसाची फुलं आली की त्यांचं पिवळं पाणी करून आम्ही रंग खेळायचो, हे प्यायचे. प्यायचे आणि मग दिवसभर आपलीच लघवी बाटलीत धरून तिच्यात सोडा टाकून बघायचे. मी न राहवून विचारलं तेव्हा त्यांनी मला कट्ट्यापाशी नेलं. पळसाच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकला, ते भगवं झालं. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली, ते लाल झालं.

"पाह्यलं? आता हीच हळद मी खाल्ली. सकाळी खाल्ली, दुपारी खाल्ली. अन् बाटलीत चुना टाकला तं लाल होतच नाही! मंग माही हळद गेली कुठी?"

"जिरली असंल," मी म्हणालो.

"जिरली म्हंजे काय, मास्तर? तुमी शाळेत शिकवता ना? मले सांगा, जिरली म्हंजे तिचं काय झालं?"

मला सांगता आलं नाही, म्हणून मी चिडलो. ते मात्र रंगात आले होते. "अंगात गेली की तिचा वेशच बदलून जाते. आत कोनीतरी बसलेलं हाये. आलेल्या हरेक पानाफुलाले ते पकडते, काही तोडते, काही जोडते, अन् मंगच पुढं जाऊ देते. आता मले सांगा, त्याच दारातून औशद बी आत जाते. दोघायची गाठ पडत असंलच ना?"

त्याच सुमारास माझे सासरे मोताळ्याहून आले होते. ऊन मी म्हणत होतं. कट्ट्यावरची पिवळी बाटली बघून त्यांना वाटलं सरबत आहे, आणि त्यांनी ती उचलून तोंडाशी नेली. घरमालक धावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पावने, तुमी सकाळपासून काय काय खाल्लं ते आंधी सांगा. नाहीतं माहा हिशोब चुकंल." सासऱ्यांना बाटलीत काय आहे ते मी सांगितलं आणि त्या दिवशी ते न जेवताच परत गेले.

या नादापायी त्यांची नोकरीही एकदा जाता जाता राहिली. कापसाचा एक बडा अडत्या हिवतापानं हैराण झाला होता. कोयनेल, म्हणजे क्विनाईन, चालू होतं, ताप उतरत नव्हता. औषध देण्याच्या खिडकीतून यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. अडत्या खुषीत म्हणाला की कोयनेल कडू लागतं म्हणून तो ते चांगल्या कडक काळ्या चहात कालवून घेतो, कडूपणा पार जातो.

"कडूपना जाते तं कोयनेल बी जाते, शेटजी," हे म्हणाले. "मी बाटलीत पाह्यलं. समदं तळाशी बसते. तुमी चहा पिऊन राह्यले, औशद नाही."

दहा माणसांसमोर कंपौंडरनं आपल्याला शिकवावं हे अडत्याला झोंबलं. तक्रार वर गेली. डॉक्टर स्वभावानं वाईट नव्हते, पण घाईचे होते आणि त्यांच्या दारापुढं रोज शंभर माणूस उभा असे. त्यांनी कंपौंडरना बोलावून बजावलं, की औषध मी ठरवणार, तुम्ही बाटली भरायची. पुन्हा खिडकीत चौकशा केल्या तर दुसरा माणूस पाहीन. अडत्यानं चहा सोडला, ताप उतरला, आणि तो कुठल्याशा देवाला नवस फेडायला गेला. कंपौंडरांची खिडकीतली चौकशी बंद झाली. मग ते रस्त्यात विचारू लागले.

आता माझ्याविषयी सांगतो, कारण त्यांचं खरं दर्शन मला माझ्याच घरात झालं.

आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. त्यानंतर बायकोनं अंथरूण धरलं ते सुटेना. ताप गेला, पण अंगातलं रक्त परत येईना. ओठ पांढरे, नखं पांढरी. चुलीपासून मोरीपर्यंत गेली तरी छाती धडधडायची आणि ती खाली बसायची. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, मान हलवली आणि लोहाचं तांबडं मिक्श्चर लिहून दिलं. दिवसातून तीनदा. रिकामी बाटली धुऊन न्यायची, कंपौंडरांनी ती भरायची, डोसाच्या खुणांसाठी कागदाची पट्टी कातरून तिच्यावर चिकटवायची, मी ती घरी आणायची. एक महिना गेला, दुसरा संपत आला. ती होती तशीच, उलट जास्तच फिकी. मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, एवढं लोखंड देऊनही रक्त चढत नाही, हे लक्षण मला चांगलं दिसत नाही. साधा ताप आला तरी ह्या निभावणार नाहीत. माहेरच्यांना कळवून ठेवा."

मी त्या दिवशी शाळेत गेलो आणि पोरांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. ती जाणार, हे मी मनाशी धरलं होतं. तिच्यासमोर मात्र मी नुसता चिडत राहिलो. दुसरं काही मला येतच नव्हतं.

बाटली भरून देताना घरमालक मला दर वेळी विचारायचे. खिडकीत बंदी होती, म्हणून अंगणात गाठून, हळूच. "मास्तर, सूनबाई कशासंग घेतात?"

"पाण्यासंग!" मी तोडून टाकायचो. "आनखी कशासंग घेईल? दुसरं काय हाये आमच्या घरात?"

ते मान हलवून जायचे. थेट तिला विचारणं शक्य नव्हतं. ती त्यांच्यासमोर येत नव्हती, बोलत नव्हती. भाडेकऱ्याच्या तरण्या बायकोनं घरमालकाशी काय बोलायचं, अशी तेव्हाची रीत. आणि मी उत्तर द्यायचो ते तिला एकदाही न विचारता. नवऱ्याला आपल्या घरातलं सगळं ठाऊक असतं, अशी माझी समजूत होती.

एका सकाळी मी दाढी करत होतो. मोरीवर बायकोचा बिनकानाचा चिनी मातीचा कप पालथा पडला होता. घरमालक पाण्याची बादली घेऊन आले, वाकले, आणि तो कप उचलून उजेडात धरला. आतून काळा कुळकुळीत. राखेनं घासूनही निघाला नव्हता. त्यांनी तो हुंगला, बोट फिरवून जिभेला लावलं. बादली तिथंच टाकून ते माझ्याकडे आले.

"हा कप कोनाचा?"

"बायकोचा. औशदाचा."

"यात औशद अन् काय?"

"पानी!" मी वस्तरा आपटला. "किती डाव सांगू?"

"मास्तर," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात धार जाणवली, "तुमी नोका सांगू, त्याइले इचारा."

मी आत गेलो. विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली की त्या तांबड्या औषधानं पोट साफ होत नाही, चार चार दिवस होत नाही. आता हे तुम्हांला काय सांगायचं? म्हणून आईला निरोप धाडला होता. आईनं मोताळ्याहून हिरड्याची पूड पाठवली, बाबांच्याच हाती. औषधही तुरट, पूडही तुरट. तीनदा हे आणि तीनदा ते, एवढं तोंड वाईट करायचं अंगात बळ नाही. म्हणून दोन्ही एकाच कपात कालवते आणि डोळे मिटून एकदाच घेते.

मी बाहेर येऊन हे सांगितलं. ते आपल्या खोलीतून बोरू घेऊन आले. आमच्या औषधाच्या बाटलीतून एक डोस कपात ओतायला लावला, त्यात तिची हिरड्याची पूड घालायला लावली आणि पाण्याचा शिपका देऊन ढवळलं. तांबडं औषध आमच्या डोळ्यांदेखत काळं झालं. त्यांनी त्यात बोरू बुडवला, माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि नवी शाई केली की पहिलं अक्षर काढतात तसा ठसठशीत श्री काढला. कागदावर तो वाळत गेला तसा आणखी काळा होत गेला.

"माह्या बापाकडं पटवारकी होती," ते म्हणाले. "जिंदगीभर हिरडा अन् हिराकस कालवून त्यानं शाई केली. हिराकस म्हंजे काय? लोखंडच. अन् या बाटलीत काय हाये? लोखंडच! दोन मयने मी लोखंड भरून देऊन राह्यलो अन् सूनबाई दोन मयने शाई पिऊन राह्यल्या. रगत कुठून चढंल?"

दाराआडून तिचं रडणं ऐकू आलं. आईनं मायेनं पाठवलेली पूड, आणि तिनंच घात करावा! मला मात्र रडूही येईना. गेले दोन महिने अंगणात मला एक साधा प्रश्न विचारला जात होता, आणि तिच्या वतीनं खोटं उत्तर मीच देत होतो, हे माझ्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं.

"हिरडा वाईट नाही," ते दाराकडे बघत मोठ्यानं म्हणाले, तिला ऐकू जावं म्हणून. "आईनं धाडला तो चांगलाच धाडला. फकस्त दोघायची गाठ पडू देऊ नोका. औशद सकाळ, दुपार, दिवस बुडल्यावर. हिरडा झोपताना. चहा औशदापासून दूर. अन् मास्तर, शाईचा डाग कशानं जाते?"

"लिंबानं," मी म्हणालो. शाळामास्तराला एवढं तरी ठाऊक असतं.

"मंग औशदावर लिंबाचं पानी द्या. डाग कापडावर कापते तं पोटात बी कापत असंल. मले नक्की ठाऊक नाही. पन ही जोडी मी बाटलीत पाह्यली हाये, ते सुखाची हाये."

औषधाच्या कागदावर त्यांनी एका अक्षराचा बदल केला नाही. बाटली तीच, डोस तोच. मी मात्र बाजारातून लिंबं आणू लागलो आणि रोज सकाळी तिची नखं बघू लागलो. पहिले आठ दिवस काही नाही. पंधरा दिवसांनी ती मोरीपर्यंत गेली आणि बसली नाही. मग एके दिवशी मी घाणेरडे पाय घेऊन घरात आलो आणि ती माझ्यावर ओरडली. चांगली खणखणीत ओरडली. सारवलेल्या जमिनीची काही किंमत आहे की नाही, असं काहीसं. मी उंबऱ्यात उभा राहून ऐकत होतो आणि मला इतका आनंद झाला होता, की ती थांबू नये असं वाटत होतं.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली आणि खुलले. "बघा, शेवटी आमचं मिक्श्चर लागू पडलं की नाही!" मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या कंपौंडरांनी माझ्या कोटाची बाही ओढली.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "तुमी काऊन सांगू दिलं नाही? तुमी वाचवलं तिले!"

"औशद त्यायचंच होतं, मास्तर. ते खरंच चांगलं हाये. मी फकस्त त्याच्या वाटेतला गोटा उचलला." मग चालता चालता त्यांचा चेहरा उतरला. "पन मले याचा घोर लागला हाये, का गावात अशे कप किती असतीन? हिरडा तं घरोघरी हाये. अन् माणसं सांगतात तरी. बायका सांगतच नाहीत. मी इचारलं का पदर तोंडावर, अन् 'काई नाही, पान्यासंग.' त्याइचे नवरे बी तेच म्हनतात. तुमच्यासारखे."

हे ते आमच्याच अंगणात उभं राहून बोलत होते. बायको आत भाकरी थापत होती. तिचा थापण्याचा आवाज थांबला होता, हे माझ्या लक्षात आलं. पुढचं काही लक्षात आलं नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यावरून येत होतो. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायांची रांग औषधाच्या खिडकीपासून फाटकापर्यंत गेली होती. आणि त्या रांगेत, प्रत्येकीपाशी थोडी थोडी थांबत, माझी बायको पुढं सरकत होती. डोईवर पदर, हातात माझ्या शाळेची पाटी आणि पेन्सिल. घरापासून इथवर ती एकटी चालत आली होती. मला न विचारता. मी चिडायचं विसरून फाटकातच उभा राहिलो.

तिला कुणी बंदी केलेली नव्हती. ती कंपौंडर नव्हती, नोकर नव्हती. बाईशी बाई बोलते तशी ती बोलत होती. मला पोट साफ होत नव्हतं बाई, मी असं असं करत होते, मरता मरता राहिले. तू कशात कालवतेस? आणि बाया सांगत होत्या. एकमेकींच्या खांद्यावरून वाकून, हसत, लाजत, आवाज खाली करून सांगत होत्या. ताकात, काढ्यात, चहात. एकीनं चक्क मिसरीसंग. माझी बायको पाटीवर लिहीत होती आणि खिडकीशी येऊन पाटी आत दाखवत होती. आत कंपौंडर बाटलीवर पट्टी चिकटवायचे आणि त्या पट्टीखाली, कशासंग घ्यायचं नाही याची, एक बारीकशी ओळ लिहायचे.

खिडकीशी एक म्हातारी आली. तिला दम होता आणि सांगायला तिच्यापाशी बरंच होतं. पहाटे काय घेते, त्यावर काय खाते, सून काय करून देते, सुनेची आई काय म्हणते. रांग थांबली. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "कंपौंडर, लाइन का थांबली?"

कंपौंडरांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि मी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "थांबा साहेब! बाई सांगून राह्यली!"

डॉक्टर तरातरा बाहेर आले. मला वाटलं, गेली म्हाताऱ्याची नोकरी. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, बायकोच्या हातातल्या पाटीकडे पाहिलं आणि ती घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली. वाचायला त्यांना वेळ लागला. मग पाटी त्यांनी तिच्या हातात परत दिली. म्हातारी या सगळ्याकडे लक्ष न देता बोलतच होती. ती आता डाळिंबाच्या सालीच्या काढ्यापर्यंत आली होती.

"म्हातारे," डॉक्टरांनी विचारलं, "काढा आधी, की औषध आधी?"

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं उत्तर माझ्या बायकोला दिलं.